आकडा घड्याळाचा, हृदय आपलं



बोलायला सुरुवात करण्याआधी सगळ्यांनी एक छोटं काम करायचं आहे. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. अंगठ्याने नाडी बघू नका, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी बोटाला जाणवते आणि मोजणी चुकते. हं, सापडली? आता मी तीस सेकंद सांगतो, तेवढे ठोके मोजा आणि दुप्पट करा.

झालं? बहुतेकांचा आकडा 60 ते 100 च्या मध्ये असेल. प्रौढ माणसाची बसल्या जागी एवढीच असते. जे आत्ताच जिना चढून घाईने आत आले, त्यांची थोडी जास्त असेल. त्यांनी घाबरू नये, व्याख्यान संपल्यावर पुन्हा मोजावी.

आता एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. चौसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक. आपण त्यांना मास्तर म्हणू. रक्तदाबाची गोळी नियमित घेणारे, रोज पहाटे पर्वती चढणारे. मुलाने वाढदिवसाला नाडी दाखवणारं घड्याळ दिलं. त्याच सुमारास मोबाइलवर एक तक्ता फिरत आला: 220 मधून वय वजा करा, आलेल्या आकड्याच्या 70 ते 80 टक्क्यांपर्यंत नाडी नेली तरच व्यायामाचा उपयोग. मास्तर गणिताचेच. 220 वजा 64 म्हणजे 156. त्याचे 70 टक्के 109. पण घड्याळ 98 च्या पुढे जाईना! मग मास्तरांनी वेग वाढवला. चढताना छातीत जडपणा यायचा, वर जाऊन बसलं की जायचा. मला म्हणाले, ‘डॉक्टर, मला वाटलं नाडी अजून शंभरच्या आत आहे, म्हणजे हृदयावर ताण नाही. गॅसेस असतील.’

गॅसेस नव्हते. हृदयाच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा होता. वेळेवर आले, उपचार झाले, आज ते पुन्हा चालतात. पण त्यांची चूक नेमकी कुठे झाली, हे समजून घ्यायला आधी हृदय काम कसं करतं ते बघावं लागेल.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका आहे. ठोक्याची ठिणगी तिथे पडते. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला सुमारे शंभर ठोके देईल. मग आपली नाडी बहात्तर का? कारण मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस त्याला सतत लगाम घालून असते. आपण चालायला लागलो की आधी हा लगाम सैल होतो, नाडी चटकन वर जाते. आणखी जोर लावला की ॲड्रेनॅलिनसारखी रसायनं टाच मारतात.

एका ठोक्यात सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. बहात्तर ठोके धरले तर मिनिटाला पाच लिटर. नियमित व्यायाम करणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. समजा शंभर मिलिलिटर, तर तेच पाच लिटर पन्नास ठोक्यांत होतात. म्हणून चांगल्या धावपटूची बसल्या जागची नाडी पन्नासच्या आतही असू शकते. पण व्यायाम नाही, आणि नाडी एकाएकी चाळिशीवर आली, सोबत चक्कर येते, तर ती तंदुरुस्ती समजू नका. तपासून घ्या.

आता आजच्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला, विशेषतः डाव्या बाजूला, रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. आकुंचन पावताना स्नायूच आपल्या वाहिन्या दाबून धरतो. म्हणजे गृहिणीसारखं आहे, सगळ्यांना वाढून झालं की मग स्वतः जेवायचं! नाडी 75 असताना एक ठोका 0.8 सेकंदाचा. त्यातला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ विसाव्याचा. नाडी 200 ला गेली की विसावा जेमतेम 0.14 सेकंद उरतो. काम वाढलं आणि जेवायची वेळ घटली. वाहिन्या मोकळ्या असतील तर त्या रुंदावून ही कसर भरून काढतात. वाहिनी अरुंद असेल तर स्नायू उपाशी राहतो, आणि छातीत जडपणा येतो. मास्तरांचं नेमकं हेच झालं.

मग 98 ला कसं झालं, असं तुम्ही विचाराल. मास्तरांची रक्तदाबाची गोळी बीटा-ब्लॉकर गटातली होती. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही नावं तुमच्यापैकी काहींच्या डब्यात असतील. ही गोळी ॲड्रेनॅलिनची टाच बोथट करते. नाडी वर जात नाही, ते तिचं कामच आहे. अशा माणसाला तक्त्यातला आकडा लागूच पडत नाही. म्हणून गोळी बंद करू नका हं! एकदम बंद करणं जास्त धोक्याचं आहे.

आणि त्या 220 चं तरी काय? हे सूत्र 1971 साली फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल या अमेरिकन संशोधकांच्या लेखातून पसरलं. वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून त्यातून ढोबळ रेघ काढली होती. 2001 मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी दुसरं सूत्र दिलं: 208 वजा वयाच्या 0.7 पट. चौसष्टाव्या वर्षी ते 163 येतं. पण दोन्ही सरासरीच. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज असतो. सरासरी उंचीचा सदरा सगळ्यांना कसा बसेल?

घड्याळाचंही तसंच. ते हिरवा प्रकाश कातडीत सोडून रक्ताची हालचाल बघतं. पट्टा सैल असेल, मनगट वाकलेलं असेल, तर चुकतं. कधी कधी पावलांचा ठेकाच नाडी म्हणून दाखवतं.

मग करायचं काय? व्यायाम करताना बोलून बघा. सलग बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतोय, म्हणजे जोरदार. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम किंवा 75 मिनिटं जोरदार व्यायाम सांगते. बहुतेकांना भरभर चालणं पुरतं.

दुसरं, नाडी चढते किती यासोबत उतरते कशी तेही बघा. लगाम पुन्हा घट्ट होतो का, याची ती परीक्षा आहे. 1999 साली क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी सुमारे 2,400 लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताण-चाचणीत पूर्ण जोर लावल्यानंतर पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी बारा किंवा त्याहून कमी ठोके उतरली, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. हा आकडा प्रयोगशाळेतला, घरी त्यावरून निदान करू नका. पण तुमची स्वतःची नाडी दोन महिन्यांपूर्वीपेक्षा लवकर उतरते आहे, तर व्यायाम अंगी लागतो आहे असं समजा. आणि व्यायाम एकदम थांबवू नका. रक्त पायांत साचून भोवळ येते. पाच मिनिटं रमतगमत चाला.

एक चिठ्ठी आली आहे: ‘उन्हाळ्यात त्याच वेगाला माझी नाडी जास्त का?’ चांगला प्रश्न. उन्हात कातडी थंड ठेवायला जास्त रक्त तिकडे जातं, घामाने पाणी कमी होतं, मग हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. वेग कमी करा, पहाटे चाला, पाणी प्या.

शेवटी, लक्षात ठेवायची गोष्ट एकच. श्रम केल्यावर छातीत दाब किंवा जडपणा, हाताकडे-जबड्याकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, गार घाम, चक्कर, यातलं काही झालं तर घड्याळ काय म्हणतं ते बघत बसू नका. थांबा. विसाव्याने गेलं तरी लवकर डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर व्यायाम नको. काही मिनिटांत गेलं नाही तर 108 ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

उद्यापासून आठवडाभर सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, नाडी मोजा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो कागद आणि गोळ्यांची पाकिटं दोन्ही सोबत न्या. मास्तर आता तसंच करतात. घड्याळही घालतात, पण चढताना शेजारच्याशी गप्पा मारत चढतात.