हात वर गेला पाहिजे

दौंड तालुक्यात भीमेकाठच्या एका वस्तीवर मी एका ताईंना भेटले. स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. जखम भरली होती, पण डावा हात पोटाशी धरलेला. "टाके तुटतील म्हणून सासूबाई हलवू देत नाहीत," त्या म्हणाल्या. व्यायामाचा कागद मिळाला होता, पण इंग्रजीत. पिशवीत घडी घालून तो खुंटीला टांगला होता.

शिरूरकडेही असे हात मी पाहिले आहेत. घरच्यांची माया खरी, पण तिनेच खांदा आखडतो. ऑपरेशनमध्ये बहुतेकदा काखेतल्या गाठीही काढतात. तिथली जखम भरताना कातडी आवळते, काही जणींच्या काखेत दोरीसारखा ताण जाणवतो. मग वेणी घालता येत नाही, पोलक्याच्या बाहीत हात जात नाही. याहून मोठी अडचण शेक घेताना येते. तेव्हा हात डोक्यावर नेऊन न हलता पडून राहावे लागते. हात वर जात नसेल, तर शेक लांबतात. या ताईंचे तसेच झाले होते.

मूठ उघडणे-मिटणे आणि कोपर वाकवणे सहसा दुसऱ्या दिवसापासूनच सांगतात. पहिला आठवडाभर मात्र हात खांद्याच्या वर नेऊ नये. पुढे डॉक्टरांना विचारून भिंतीवर बोटे हळूहळू वर चालवावीत. भिंत कुडाची असेल तर दाराची चौकट चालते. उताणे झोपून दोन्ही हातांत काठी धरावी आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला डोक्याकडे न्यावे. ताण जाणवावा, कळ येऊ नये. शेक संपल्यावरही हे सोडू नये, कारण कातडी पुढे कित्येक महिने आवळत राहते.

"सूज येईल" ही भीती फार ऐकू येते. ब्रिटनमध्ये 392 स्त्रियांवर झालेला एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर 7 ते 10 दिवसांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ज्यांनी खांद्याचे व्यायाम सुरू केले, त्यांचा हात वर्षानंतर अधिक चांगला चालत होता, आणि सूज वाढलेली नव्हती.

हंडा आणि मोळी मात्र सुरुवातीला दुसऱ्यांनी उचलावी. उसाचे पाते लागले, काटा रुतला, तर साबणाने धुवावे. हात लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तो कागद आम्ही मराठीत लिहून दिला. बोटे पोहोचतील तिथे ताई रोज चौकटीवर कोळशाची रेघ ओढू लागल्या. सासूबाईच आता रेघा मोजतात. शेक सुरू झाले आहेत. वेणी अजून मुलगी घालते.