घुमक्याचा मान

ऐकण्यासाठी वाजवला जाणारा ताल आणि नाचण्यासाठी वाजवला जाणारा ताल यांची पारख एकाच मापाने करता येत नाही, ही गोष्ट सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील वाजंत्र्यांना कोणी शिकवावी लागत नाही. १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने वेगळा झालेला आणि १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जाऊ लागलेला जिल्हा व त्याच्या उत्तरेचा सातारा यांच्यामध्ये सरकारी सीमा आखली गेली, तरी जत्रा, लेझीम, तमाशा आणि कुस्तीची मैदाने यांचा ठेका दोन्हीकडे एकच राहिला. या ठेक्याचे मूळ रूप हलगी, घुमके आणि कैताळ या तीन वाद्यांच्या मेळात सापडते. हलगी म्हणजे गोल कड्यावर एका बाजूने कातडे ताणून बसवलेले, एका हातात आखूड जाड काठी आणि दुसऱ्या हातात लवचीक बारीक काडी घेऊन वाजवायचे वाद्य. घुमके म्हणजे खालचा, भरीव घुमारा देणारे ढोलाच्या जातीचे वाद्य. आणि कैताळ म्हणजे मोठ्या झांजांची जोडी. हलगी बोलते, कैताळ तिला धार देतो आणि घुमके या दोघांच्या पायाखालची जमीन धरून ठेवते.

पलूस तालुक्यातील कुंडलसारख्या गावी कुस्तीचे मैदान भरते, तेव्हा या मेळातील श्रमविभागणी जवळून पाहता येते. मैदानाच्या कडेला गवताचा किंवा कागदाचा छोटा जाळ केलेला असतो, त्यावर हलगी फिरवून तिचे कातडे तापवतात, बोटाने टिचकी मारून आवाज चढला की नाही हे पाहतात आणि मल्ल हातात हात घालून मैदानाला फेरी मारू लागले की हलगीवाला त्यांच्या पुढे उलटा चालत, वाकत, गिरकी घेत वाजवू लागतो. प्रेक्षकांचे डोळे मल्लांवर आणि हलगीवर असतात. घुमकेवाला मात्र दोन पावले मागे, मान किंचित कलती ठेवून, हलगीने कितीही तोडे घेतले तरी आपला ठोका तसूभर न हलवता वाजवत राहतो, कारण तो हलला तर हलगीला परतायला जागा उरत नाही. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात धनगर बांधवांचे गजी ढोल घुमतात, तेथेही हाच नियम चालतो: हातात रुमाल घेतलेल्या नाचणाऱ्यांच्या रिंगणाचे पाऊल ढोलाच्या मोठ्या ठोक्यावर पडते, बारकाव्यांवर पडत नाही.

डिस्को संगीतातील सर्वांत थोर ड्रमवादक कोण, हा जगभरातील संगीतप्रेमींत अनेक दशके चाललेला वाद या पार्श्वभूमीवर तपासला, तर तो अधिक स्पष्ट होतो. डिस्को हे १९७०च्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आदी शहरांत कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी आणि समलिंगी तरुणांच्या नृत्यगृहांतून वाढलेले संगीत असून त्याची ओळख एका साध्या रचनेवर उभी आहे. पाश्चात्त्य ड्रमसंचात पायाने वाजवायचा मोठा ढोल असतो, त्याला बास ड्रम म्हणतात. मांडीजवळचा, खाली तारा ताणलेला, कडक आवाजाचा स्नेअर ड्रम असतो. आणि पायाच्या दांड्याने उघडझाप होणाऱ्या दोन लहान झांजा असतात, त्यांना हाय-हॅट म्हणतात. रॉक संगीतात बास ड्रम साधारणपणे पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर आणि स्नेअर दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो. डिस्कोत बास ड्रम चारही मात्रांवर, न चुकता, सारख्याच वजनाने पडतो आणि दोन मात्रांच्या बरोबर मध्ये हाय-हॅट उघडून एक फुत्कार दिला जातो. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर डिस्कोने घुमक्याला पुढच्या रांगेत आणले, कैताळाला ठोक्याच्या मधल्या जागेत बसवले आणि हलगीची बडबड जवळजवळ बंद केली. जॅझमधील ड्रमवादकाची थोरवी त्याच्या तोड्यांवर मोजणाऱ्या समीक्षकांनी म्हणूनच डिस्कोच्या ड्रमवादनाला यांत्रिक म्हटले. ते घुमके ऐकत होते आणि त्यात हलगी शोधत होते.

ही रचना रूढ करण्याचे श्रेय बहुतेक अभ्यासक फिलाडेल्फियाच्या अर्ल यंग यांना देतात. केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ या निर्मात्यांनी १९७१ मध्ये उभ्या केलेल्या फिलाडेल्फिया इंटरनॅशनल या ध्वनिमुद्रण संस्थेसाठी जो वादकवृंद सिग्मा साउंड या स्टुडिओत वाजवत असे, त्याचा कणा बासगिटारवादक रॉनी बेकर, गिटारवादक नॉर्मन हॅरिस आणि यंग हे तिघे होते. हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स या गायकवृंदाच्या १९७३ मधील 'द लव्ह आय लॉस्ट' या गाण्याची कल्पना आधी संथ होती. ध्वनिमुद्रणात तिची लय वाढली आणि यंग यांनी चारही मात्रांवर बास ड्रम ठेवून हाय-हॅट उघडा सोडला. त्याआधी डेट्रॉइटच्या मोटाउन संस्थेच्या गाण्यांत चारही मात्रांवर स्नेअर वाजवण्याची पद्धत होती. यंग यांनी तो नियमित ठोका हातातून काढून पायात दिला. हा बदल कागदावर क्षुल्लक वाटतो, परंतु हाताचा ठोका कानाला लागतो आणि पायाचा ठोका पोटात उतरतो, आणि नृत्यगृहातील मोठ्या ध्वनिक्षेपकांवर हा फरक नाचणाऱ्याच्या शरीराला प्रत्यक्ष जाणवतो. यंग 'द ट्रॅम्प्स' या वृंदाचे एक संस्थापकही होते, त्यात खर्जातील गायनही करत आणि १९७६ मधील 'डिस्को इन्फर्नो'मध्येही त्यांचाच पाय ऐकू येतो.

यंग यांच्याविरुद्ध सर्वांत मोठा दावा 'शीक' या न्यूयॉर्कच्या वृंदाचे टोनी थॉम्पसन यांच्या बाजूने मांडला जातो. १९७८ मधील 'ल फ्रीक' आणि १९७९ मधील 'गुड टाइम्स' या गाण्यांत नाइल रॉजर्स यांची गिटार आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांचा बास ज्या मोकळेपणाने विहार करतात, तो थॉम्पसन यांच्या वजनदार, किंचितही न डगमगणाऱ्या ठोक्यामुळे. वादक म्हणून त्यांची ताकद डिस्कोपुरती नव्हती. १९८५ च्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात लेड झेपेलिन या रॉक वृंदाच्या उरलेल्या सदस्यांसोबत त्यांनी वाजवले होते. २००३ मध्ये ते अकाली निवर्तले. मात्र त्यांची थोरवी सांगताना त्यांचे चाहते नेमके हेच, म्हणजे डिस्कोबाहेरचे पुरावे पुढे करतात आणि तेथे त्यांचा दावा किंचित लंगडा पडतो, कारण प्रश्न थोर ड्रमवादकाचा नसून डिस्कोच्या थोर ड्रमवादकाचा आहे.

जेम्स गॅडसन यांचा दावा याहून सूक्ष्म आहे आणि त्याला मिळायला हवे तितके लक्ष मिळालेले नाही. गायक बिल विदर्स यांच्या साथीने नावारूपाला आलेल्या या वादकाने १९७६ मध्ये डायना रॉस यांच्या 'लव्ह हँगओव्हर'मध्ये आणि १९७८ मध्ये ग्लोरिया गेनर यांच्या 'आय विल सर्व्हाइव्ह'मध्ये वाजवले. पहिले गाणे संथ, आळसावलेल्या चालीतून अचानक नाचाच्या लयीत शिरते. हा सांधा बदलताना झटका बसू न देणे हे तमाशात लावणीची बैठी चाल उठवून द्रुत करणाऱ्या ढोलकीवाल्याचे कसब आहे, आणि ते ज्याला जमत नाही त्याच्यापुढे नाचणारीचे पाऊल अडखळते. गॅडसन यांच्या पायात ते कसब होते. गेनर यांच्याच १९७४ मधील 'नेव्हर कॅन से गुडबाय'मधील ॲलन श्वार्ट्झबर्ग यांचे नावही या यादीत घ्यावे लागते.

यापुढे वाद खरा अवघड होतो. १९७७ मध्ये बी जीज हा वृंद फ्रान्समधील शातो देरूव्हिल येथे ध्वनिमुद्रण करत असताना त्यांचे वेल्श ड्रमवादक डेनिस ब्रायन यांना घरच्या दुःखद कारणाने निघून जावे लागले. तेव्हा निर्माते ॲल्बी गाल्युटेन आणि कार्ल रिचर्डसन यांनी 'नाइट फीव्हर' या आधीच मुद्रित झालेल्या गाण्यातील ब्रायन यांच्या वादनाचा एक छोटा तुकडा निवडला, तेवढीच फीत कापून तिची दोन टोके जोडली आणि ती माळ मायक्रोफोनच्या स्टँडवरून फिरवत अखंड वाजत ठेवली. 'स्टेइन अलाइव्ह'चा ठेका असा जन्मला. तबकडीवर नाव काय द्यायचे हा प्रश्न आला, तेव्हा बर्नार्ड लूप असे काल्पनिक नाव छापले गेले आणि ते वाचून या अस्तित्वात नसलेल्या वादकाचा शोधही घेतला गेला. मिनिटाला सुमारे १०३ ठोक्यांचा हा ठेका आज हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याच्या प्रशिक्षणात वापरतात, कारण त्या कामाला मिनिटाला १०० ते १२० दाब लागतात. एका माणसाच्या पायाचे काही क्षण इतके नेमके असू शकतात, ही या ठेक्याची विलक्षण बाजू आहे. त्याच वर्षी म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर यांनी डोना समर यांच्या 'आय फील लव्ह'साठी जवळजवळ सगळे आवाज मूग नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून काढले, पण बास ड्रमला हवे तसे वजन त्या यंत्रातून येईना, म्हणून कीथ फोर्सी या ब्रिटिश वादकाने केवळ बास ड्रम वाजवला, यंत्राच्या लयीशी तंतोतंत जुळवून, संपूर्ण गाणेभर. घुमके तेवढे माणसाचे राहिले. या दोन्ही प्रसंगांत ड्रमवादकाने गाजवण्यासारखे काहीच केले नाही, आणि तरी दोन्ही गाण्यांतून तो ठोका वगळला तर गाणेच उरत नाही.

म्हणून या लेखाचा कौल अर्ल यंग यांच्या बाजूने आहे. थॉम्पसन अधिक बलवान होते, गॅडसन अधिक लवचीक होते, परंतु पुढच्या सगळ्यांनी ज्या जमिनीवर पाय ठेवला ती यंग यांनी सारवली होती, आणि स्वतः ती मोडण्याचा मोह त्यांनी आवरला.

हिंदी चित्रपटात डिस्को आला तो दोन वाटांनी. बंगळूरमध्ये वाढलेले निर्माते बिद्दू यांनी लंडनमध्ये मुद्रित केलेले आणि नाझिया हसन यांनी गायलेले 'कुर्बानी'तील गाणे १९८० मध्ये गाजले, आणि १९८२ मध्ये बप्पी लाहिरी यांच्या संगीताचा 'डिस्को डान्सर' आला. परंतु मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत या संगीताला हात आणि पाय देणारी माणसे त्याआधीपासून तयार होती: लॅटिन अमेरिकी तालवाद्ये चित्रपटसंगीतात रुळवणारे कावस लॉर्ड, त्यांचे पुत्र केर्सी आणि बुर्जोर, ड्रमवादक लेस्ली गोदिन्हो आणि फ्रँको वाझ, तसेच राहुलदेव बर्मन यांच्या तालविभागाचे आधारस्तंभ असलेले मराठी वादक मारुतीराव कीर आणि खाचा पाडलेल्या पृष्ठभागावर काडी घासून वाजवायच्या रेसो-रेसो या वाद्याला प्रतिष्ठा देणारे अमृतराव काटकर. मुंबईच्या डिस्कोत ड्रमसंचाच्या चार ठोक्यांवर तबला, ढोलक आणि डुग्गी यांचा आठ मात्रांचा केहरवा पसरलेला असतो; पाय फिलाडेल्फियाचा आणि बोटे इथली. त्यामुळे हे संगीत खेडोपाडी कोणाला परके वाटले नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र संगीतकाराचे नाव येई, गायकांची नावे येत, आणि ठेका धरणाऱ्याला क्वचितच जागा मिळे.

सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर डिस्को पोहोचवला तो बेंजो पार्ट्यांनी. या भागात ज्याला बेंजो म्हणतात, ते कळा दाबून वाजवायचे तंतुवाद्य मूळचे जपानी. नागोया येथील गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तयार केलेल्या ताइशोगोतोचा तो भारतीय अवतार होय. गणेशोत्सवाच्या आणि लग्नाच्या मिरवणुकीत बेंजोवर चित्रपटगीताची चाल, जोडीला ढोल, ताशा, झांजा आणि पुढे काठीने ठोकल्यावर नाना आवाज देणारा ऑक्टोपॅड, असा मेळ जमला. अमेरिकेत रॉजर लिन यांच्या १९८० मधील ड्रमयंत्राने ज्या वादकांचे काम हिरावले, त्यांच्यासारखी वेळ येथे थोडी उशिरा, 'डॉल्बी'च्या रूपाने आली. ध्वनिफितीतील खरखर कमी करणाऱ्या तंत्राचे जनक रे डॉल्बी यांचे आडनाव या जिल्ह्यांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला मिळाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा त्या भिंतीपुढे टिकत नाही, ही आरोग्याची तक्रार रास्त आहेच. तिच्याइतकीच गंभीर गोष्ट ही की त्या भिंतीतून येणारा खालचा ठोका कोणाच्याच हाताचा नसतो. तो नाचणाऱ्यांकडे पाहत नाही, मिरवणूक चढाला लागली म्हणून लय सैल करत नाही, म्हातारा माणूस रिंगणात शिरला म्हणून क्षणभर थांबत नाही. घुमकेवाला हे सगळे करतो.

गेल्या काही वर्षांत डॉल्बीवरील बंदीच्या मागणीबरोबर पारंपरिक वाद्यांना पुन्हा सुपाऱ्या मिळू लागल्या आहेत. हलगी वाजवणे हे पिढ्यानपिढ्या मातंग आणि अन्य दलित समाजांवर लादलेले, मानाचे न मानले गेलेले काम होते. होलार समाजाच्या वाजंत्र्यांचेही तेच. आज तेच वाद्य महाविद्यालयीन मुले-मुली आवडीने शिकतात आणि चित्रपटांतून ते दूरवर ऐकू जाते, याचा आनंद मोठा आहे. कातड्याऐवजी फायबरचे पान आल्यामुळे जाळावर शेकण्याची गरजही कमी झाली. कुस्तीच्या मैदानाच्या हँडबिलावर मल्लांची, वस्तादांची आणि निवेदकाची नावे असतात, कधी हलगीवादकाचेही नाव ठळक छापलेले दिसते. घुमके वाजवणाऱ्याचे नाव अद्याप तेथे शोधावे लागते.