बोलण्याआधीचे बोलणे

‘वर्षाचे झाले तरी मूल बोलत नाही,’ ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. शब्द फुटला की बोलणे सुरू झाले, असा आपला हिशेब. मानसशास्त्राचे म्हणणे वेगळे आहे. शब्द येण्याच्या कितीतरी आधी मूल आपल्याशी बोलत असते. आपण ते धरीत नाही, एवढेच.

जन्मल्यावर दोन-तीन दिवसांतच मूल आईचा आवाज ओळखते, हे डीकॅस्पर व फायफर यांनी १९८० साली दाखवून दिले. पुढे सहा-सात महिन्यांच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू होते. गंमत अशी की, ज्या घरात आईबाप बहिरे असून खुणांची भाषा वापरतात, तिथली बहिरी बाळे हीच बडबड हातांनी करतात. पेटिटो व मॅरेन्टेट यांनी हे १९९१ मध्ये नोंदवले. म्हणजे बोलण्याची ओढ नुसती घशात नाही.

परंतु माझ्या मते या सगळ्यात मोठा टप्पा बोटाचा. वर्षाच्या आसपास मूल बोट दाखवू लागते. एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी १९७५ साली अशा खुणांचे दोन प्रकार सांगितले : काही मागण्यासाठी केलेली आणि नुसते दाखवण्यासाठी केलेली. फळीवरच्या गुळाच्या डब्याकडे बोट जाते ते पहिल्या प्रकारचे. आमची चौदा महिन्यांची भाची मात्र भिंतीवरच्या पालीकडे बोट करून माझ्या तोंडाकडे पाहते, तेव्हा तिला पाल नको असते. ‘तूही बघ,’ एवढेच तिचे म्हणणे.

आणि आपण पाहिलेच नाही तर? लिश्कोव्स्की, टोमासेलो प्रभृतींनी २००४ साली बारा महिन्यांच्या मुलांवर हाच प्रयोग केला. मोठा माणूस नुसता वस्तूकडे किंवा नुसता मुलाकडे पाहू लागला, तेव्हा मुलांनी पुन्हा पुन्हा बोट दाखवून पाहिले आणि हळूहळू ते कमी केले. दोघांकडे आळीपाळीने पाहून माणूस बोलला, तेव्हाच त्यांचे समाधान झाले. आमची आई शाळेची पायरी चढलेली नाही. पण नातीचे बोट जाईल तिकडे आधी पाहते, मग नातीकडे वळून म्हणते, ‘पाल गं बाई, पाल!’ घरात चित्रांची पुस्तके असली तरच मूल शहाणे होते, असे मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

पहिला शब्दही पुष्कळदा मुलाचा स्वतःचाच असतो. डार्विनने १८७७ साली आपल्या मुलाची टिपणे छापली. त्यात वर्षाच्या मुलाने खाण्यासाठी ‘मम्’ हा शब्द स्वतःच बनवल्याची नोंद आहे. आपले ‘मंमं’ तिकडे शिकवायला कोणी गेले नव्हते! अशा मराठी बालबोलीवर डॉ. अशोक केळकरांनी १९६४ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला आहे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ऐकू न येणारी मुलेही सुरुवातीला आवाज काढतात, हसतात, बोट दाखवतात. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. ‘आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात’ म्हणत आमच्या गल्लीतल्या एका मुलाची चार वर्षे गेली. तो सगळे बोटाने सांगत असे. त्याच्या पाठीमागे उभे राहून कोणी टाळी तेवढी वाजवून पाहिली नव्हती.