दावं, कासरा आणि सेलबोट

बुटाची लेस सारखी सुटते? दोष लेसचा नाही, गाठीचा! आत्ताच खाली बघा. बो बुटावर आडवा बसलाय? गाठ बरोबर आहे. तो बुटाच्या लांबीत उभा राहिलाय? मग दुसरा वेढा उलट्या बाजूने घ्यायला हवा होता. एवढ्याशा फरकाने एक गाठ दिवसभर टिकते आणि दुसरी मीटिंगला जाताना पायात येते.

मला मात्र ही अक्कल बुटामुळे नाही, विहिरीमुळे आली.

मागच्या वर्षी मे महिन्यात चिखलीजवळच्या आमच्या वावरात विहिरीतली मोटर वर काढत होतो. दोर कमी पडला म्हणून मी दुसरा जोडला. दोन्ही नायलॉनचे, एक जाड, एक बारीक. लेसची मारतो तीच गाठ मारली आणि जोर लावून आवळली. मोटर निम्म्यावर आली आणि गाठ सुळकन निसटली. काका दोनच मिनिटं आधी विहिरीतून वर आले होते.

‘ही गाठ कोणं बांधली रे?’ आजोबांनी एवढंच विचारलं. मी इंजिनिअर, पुण्यात जॉब. गप्प!

हिवाळ्यात मित्राने मुंबईत सेलिंगच्या क्लासला ओढत नेलं. पहिला तासभर पाणी नाही, नुसते दोर. आणि बोटीवर दोराला कोणी दोर म्हणतच नाही! शीड वर चढवतो तो हॅलयार्ड. शिडाला ताण द्यायला हातात धरतो तो शीट (नवखे शिडालाच शीट समजतात). छोटी बोट धक्क्याला बांधतो तो पेंटर. सगळे डोकं धरून बसले. मला हसू आलं. आमच्या बुलढाण्यात तरी काय वेगळं आहे? नाकात वेसण, तोंडावर म्होरकी, हातात कासरा, खुंट्याला दावं. दोर कामाला लागला की त्याला नाव मिळतं. शीट म्हणजे कासरा, पेंटर म्हणजे दावं. आणि मोट वर ओढणारा नाडा? चक्क हॅलयार्ड!

गाठींचंही तसंच. दोर खांबाला बांधला की हिच. दोन दोर जोडले की बेंड. दोराचे पेड उकलून ते एकमेकांत विणले की स्प्लाइस. गाठीत दोर तीव्र वळतो, म्हणून त्याची ताकद बरीच घटते, कधी कधी निम्म्यावर येते. चांगल्या स्प्लाइसमध्ये ती बहुतेक सगळी टिकते. आपली निरगाठ आणि सुरगाठ ही जोडीही कामावरूनच ठरते: एक सुटू नये म्हणून, दुसरी झटकन सुटावी म्हणून.

गाठीशी असू द्या

• न सरकणारा फास हवा? बोलाइन शिका. टोकाची बाजू वर राहील असा दोरावर छोटा वेढा घ्या. टोक खालून वेढ्यातून वर काढा, लांब दोराच्या मागून फिरवा, परत त्याच वेढ्यातून खाली घाला आणि आवळा.

• जाड आणि बारीक दोर जोडायचे? शीट बेंड. नायलॉन असेल तर डबल.

• नायलॉन गुळगुळीत असतो. टोक लांब सोडा.

• वजन उचलायचं असेल तर जोडलेला दोर नकोच, सलग दोर आणा. आणि खाली माणूस असताना काहीही ओढू नका.

यंदा पोळ्याला गावी गेलो. नव्या दोराला बोलाइन मारून आजोबांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा हिसडली, निरखून पाहिली.

‘सरकत नाही. बैलाच्या गळ्यात चालते.’

अप्रेझलमध्ये इतकं चांगलं रेटिंग मला अजून मिळालेलं नाही!