पत्ता लपला म्हणून दार बंद होत नाही

संग्रामपूर तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. म्हणूनच जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखावी लागली. एवढ्या पसाऱ्याच्या योजनेत दूरच्या पंपावर लक्ष ठेवायचे, तर पंप चालवणारा पीएलसी (प्रोग्रॅम करता येणारा छोटा नियंत्रक-संगणक) आणि सिमकार्डावरचा औद्योगिक राउटर हा सोयीचा मार्ग. पण राउटरमधल्या 'नॅट'बद्दल, म्हणजे पत्ते बदलणाऱ्या नियमांबद्दल, एक गैरसमज घट्ट आहे: आतला पत्ता बाहेर दिसत नाही, म्हणजे यंत्र सुरक्षित.

मुळात नॅट आले ते टंचाईपोटी. इंटरनेटचे जुने पत्ते जेमतेम ४३० कोटी; ते पुरेनात म्हणून १९९४ च्या सुमारास अनेक यंत्रांनी एकच बाहेरचा पत्ता वापरण्याची ही युक्ती निघाली. तिचे उपयोग खरे आहेत. एकाच ठेकेदाराने दहा पंपहाऊसमध्ये पीएलसीला एकच पत्ता दिला असेल, तर 'एकास एक' नियमाने प्रत्येकाला नियंत्रण कक्षापुरता वेगळा पत्ता देता येतो. धोका आहे तो पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये. बाहेरून येणारी हाक थेट पीएलसीकडे वळवणारा हा नियम कोणाची हाक घ्यायची हे स्वतः ठरवत नाही. ते फायरवॉलच्या गाळणी-नियमाने ठरवायचे असते. त्यातही लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत पत्ता आधी बदलतो आणि गाळणी नंतर लागते. त्यामुळे गाळणी-नियमात यंत्राचा आतला पत्ता लिहावा लागतो. बाहेरचा लिहिला तर नियम कागदावरच राहतो. १९७९ पासूनच्या मॉडबससारख्या भाषेत मुळात पासवर्डच नसल्याने पुढे अडवणारे कोणी उरत नाही.

'खेड्यातल्या पंपावर कोण कशाला हल्ला करील?' हा आक्षेप नेहमीचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ॲलिक्विपा या छोट्या गावच्या पाणीयंत्रणेतला पीएलसी इराणशी संबंधित गटाने ताब्यात घेतला. त्यांनी गाव निवडले नव्हते. इंटरनेटवर उघडे असलेले इस्रायली बनावटीचे यंत्र हेरले होते. कर्मचाऱ्यांनी पंप हाताने चालवला म्हणून पाणी थांबले नाही. दुसरा आक्षेप पोर्ट फॉरवर्डिंगऐवजी व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणी, वापरण्याच्या खर्चाचा आणि कटकटीचा. पण बहुतेक औद्योगिक राउटरांत व्हीपीएनची सोय असतेच. शिवाय साध्या सिमला बहुधा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगसाठी तो वेगळा घ्यावा लागतो. राउटरनेच आतून नियंत्रण कक्षाशी व्हीपीएन जोडले, तर तो खर्चही टळतो आणि बाहेरून दार उघडावे लागत नाही. म्हणून योजनेच्या निविदेतच दोन अटी हव्यात: पीएलसीकडे पोर्ट फॉरवर्डिंग नको, आणि प्रत्येक नॅट नियमासोबत त्याची गाळणी लेखी हवी.