हिमप्रदेशांतील काँक्रीट

लडाखांतील लेह समुद्रसपाटीपासून सुमारें ३५०० मीटर उंच. अशा ठिकाणीं घर बांधणारास खरें भय पाण्याचें. कारण तें गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें. ओलें काँक्रीट पहिल्याच रात्रीं गोठलें, तर गेलेलें बळ पुरतें परत येत नाहीं. म्हणून तें झांकून ५ अंश सेल्सिअसहून अधिक उबदार ठेवावें लागतें. आमच्या कोंकणांत ज्यास पाणी मारावयाचें, त्यास तेथें पांघरूण घालावयाचें!

कठीण झालेलें काँक्रीटहि आंत मुरलेलें पाणी गोठून फुटतें. यावर १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत उपाय सांपडला. मिश्रणांत साबणासारखें द्रव्य घालून असंख्य सूक्ष्म बुडबुडे करावयाचे; फुगणाऱ्या पाण्यास त्यांत जागा मिळते. पोकळीनें टिकाऊपणा यावा, याचें आम्हांस मोठें नवल वाटतें.

पाया मात्र जमीन जेथवर गोठते त्याच्याहि खालीं न्यावा लागतो. नाहींतर फुगलेली माती घरच उचलते.