आधी ऊब, मग दूध

मांजराचं इवलंसं पिल्लू घरात आलं आणि ते रडायला लागलं, की कुणीतरी धावत जाऊन फ्रिज उघडतं. बशीत दूध येतं, पिल्लाचं तोंड त्यात टेकवलं जातं. ते गुदमरतं, शिंकतं, थोडं चाटतं, आणि सगळ्यांना बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू होतात, तिसऱ्या दिवशी पिल्लू मलूल पडतं. माया कमी पडते म्हणून नव्हे, तर क्रम चुकतो म्हणून अशी पिल्लं दगावतात. डोळे नुकते उघडलेल्या किंवा अजून न उघडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग दूध पाजायचं आणि प्रत्येक वेळी शी-शू करवायची.

त्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: हे पिल्लू खरंच पोरकं आहे का? मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. ती त्यांना एकेक करून तोंडात धरून नेते, त्यामुळे एखादं पिल्लू जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये काही वेळ एकटं दिसणं साहजिक असतं. पिल्लू कोरडं असेल, पोट भरलेलं असेल, शांत झोपलं असेल, तर लांब उभं राहून काही तास वाट पाहावी. तुम्ही जवळ असेपर्यंत आई येणार नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, या समजुतीत तथ्य नाही. मात्र पिल्लू भिजलेलं असेल, अंगाला गार लागत असेल, त्याला मुंग्या लागल्या असतील किंवा आसपास कुत्री फिरत असतील, तर वाट पाहत बसू नका, उचला.

उचललं की त्याचं वय ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. नाळेचा सुकलेला तुकडा पोटाला चिकटलेला असेल, तर पिल्लू जेमतेम चार-पाच दिवसांचं. डोळे साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान उघडतात, आणि सुरुवातीला सगळ्याच पिल्लांचे डोळे निळसर असतात. कान आधी डोक्याला चिकटलेले असतात, तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते ताठ उभे राहतात. त्याच सुमारास पुढचे बारीक दात हिरडीतून टोचायला लागतात. वजनावरूनही अंदाज येतो. जन्मतः ते १०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि मग आठवड्याला जवळपास तेवढंच वाढत जातं. महिन्याचं पिल्लू ४०० ते ४५० ग्रॅमचं भरतं. मात्र उपाशी पिल्लू वयापेक्षा हलकं असतं, म्हणून दात आणि कान जास्त भरवशाचे.

आता उबेकडे वळू. पहिले तीन आठवडे पिल्लाला आपल्या अंगाचं तापमान नीट राखता येत नाही. आईच्या पोटाची आणि भावंडांच्या अंगाची ऊब त्याला मिळते, म्हणून ते जगतं. एकटं पडलं की भर उन्हाळ्यातही पहाटेपर्यंत गार होतं. स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडात घालून पाहा. आत गार लागलं, तर थेंबभरही दूध द्यायचं नाही. अंग गार असताना आतड्यांची हालचाल मंदावते. पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथेच साचून पोट फुगतं. गिळण्याची ताकदही कमी झालेली असते, त्यामुळे दूध फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो.

पिल्लू ओलं असेल तर आधी मऊ सुती कापडाने पुसून पूर्ण कोरडं करा. पाणी गरम होईपर्यंत त्याला सदऱ्याच्या आत छातीशी धरून ठेवा. मग उंच कडांचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाशी जुन्या सुती साडीची घडी घाला आणि गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला का, तर फार गरम झालं की पिल्लाला रांगत दुसरीकडे सरकता यावं म्हणून. पिशवी नसेल तर गरम पाण्याची बाटली जाड मोज्यात घालून ठेवली तरी चालते. दर दोन-तीन तासांनी पाणी बदलावं लागतं. गार पडलेली पिशवी तशीच राहिली, तर ती उलट पिल्लाच्या अंगातली ऊब ओढून घेते. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवतीची हवा ३० अंश सेल्सियसच्या आसपास असावी. पंखा त्या बाजूला फिरू देऊ नका. टर्किश टॉवेल अंथरू नका, या वयात नखं आत ओढता येत नाहीत आणि टॉवेलच्या धाग्यांत ती अडकतात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसात कपडे दमट राहतात, तेव्हा अंथरूण इस्त्री फिरवून वाळवलेलं बरं. गारठलेल्या पिल्लाला हळूहळू, तास-दोन तास घेऊन उबेवर आणायचं. हेअर ड्रायरचा झोत किंवा शेगडीची धग लावायची नाही.

तोंड उबदार लागलं की दुधाची वेळ आली. पण कोणतं दूध?

गाईच्या दुधात मांजरीच्या दुधाच्या निम्म्याहून कमी प्रथिनं असतात आणि स्निग्धांशही कमी असतो. लागणारी ताकद त्यातून मिळवायची, तर पिल्लाला ते फार जास्त प्यावं लागेल. म्हणजे लॅक्टोज, ही दुधातली साखरही जास्त पोटात जाईल. ती न पचता आतड्यात राहते, पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. १५० ग्रॅमच्या जिवाला असे जुलाब एका दिवसात शुष्क करून टाकतात. आपण पाणी घालून दूध पातळ करतो, त्याने तर उरलीसुरली ताकदही जाते. तान्ह्या बाळाची दूध पावडरही इथे कामाची नाही. मांजराच्या पिल्लांसाठी तयार केलेली दूध पावडर प्राण्यांच्या दुकानात मिळते, तीच आणायची आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवायची. छोट्या गावात ती लगेच मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी रात्र निभावण्यापुरतं शेळीचं दूध द्यावं आणि सकाळी पावडर मागवावी. शेळीच्या दुधातही लॅक्टोज असतंच, म्हणून त्यावर पिल्लू वाढवता येत नाही.

पाजणं हे हाताचं काम आहे आणि ते सावकाश शिकावं लागतं. पिल्लाला बाळासारखं उताणं कधीही धरायचं नाही. मांडीवर कापड टाकून त्याला पोटावर, पाय खाली आणि मान किंचित वर अशा स्थितीत ठेवा, जसं ते आईला लुचताना असतं. दूध मनगटावर टाकून कोमट लागतंय का बघा. मेडिकलमधून १ किंवा २ मिलिलिटरची सिरिंज आणा, सुई काढून टाका आणि टोकावर छोटं निपल बसवा. प्राण्यांच्या दुकानात पिल्लांची बाटलीही मिळते. निपल ओठांच्या कडेने आत सरकवा आणि थांबा. दट्ट्या दाबून दूध आत ढकलायचं नाही, पिल्लाने ते ओढून घ्यायचं आहे. नीट लागलं की त्याची जीभ निपलभोवती पन्हाळीसारखी गुंडाळते, पुढचे पाय तुमच्या बोटांना ढकलू लागतात आणि प्रत्येक घोटाबरोबर कान मागे-पुढे हलतात. कान हलताना दिसले, की दूध योग्य वाटेने जातंय असं समजा. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करून नाक पुसा आणि श्वास पूर्ववत झाल्याशिवाय पुन्हा पाजू नका. श्वासाला घरघर येऊ लागली, तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नका.

एका वेळी किती पाजायचं? दर १०० ग्रॅम वजनाला सुमारे ४ मिलिलिटर. त्याहून फार जास्त त्या पोटात मावत नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार-पाच तासांनी. घरात दोघं-तिघं असतील तर रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या. पाजून झालं की पिल्लाला खांद्याशी उभं धरून पाठीवर हलकं थोपटा, ढेकर निघते. उरलेलं दूध पुन्हा तापवून देऊ नका.

पाजल्यानंतरचं काम फार जणांना माहीतच नसतं. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई जिभेने चाटते, तेव्हाच ते होतं. तिची जागा कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने घ्यायची. शेपटीखाली अगदी हलक्या हाताने, छोट्या छोट्या थापा देत पुसत राहा. थोड्याच वेळात कापूस पिवळसर ओला होतो. लघवी फिकी असावी. गडद पिवळी असेल तर अंगात पाणी कमी पडतंय. शी मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टइतकी मऊ असेल तर उत्तम, आणि ती दिवसातून एकदा झाली तरी पुरते. शेवटी कोरड्या कापडाने जागा टिपा, नाहीतर कातडी सोलवटते.

माझ्या मते या काळात घरातली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. रोज एकाच वेळी, पाजण्याआधी, वजन करा आणि वहीत तारखेसह लिहा. रोज १० ते १५ ग्रॅम वाढ झाली पाहिजे. पिल्लू खेळकर दिसतंय की सुस्त, याबद्दल आपल्या मनाची समजूत सहज घातली जाते, काट्याची घालता येत नाही. एक दिवस वजन तिथेच राहिलं तर सावध व्हा. घटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओकारी, जुलाब, सतत रडणं किंवा अजिबात न रडणं यांतलं काही दिसलं, तरी तेच. पिल्लू एकदम लुळं पडलं, तर त्याला उबेत घेऊन साखरेच्या घट्ट पाण्याचा थेंब हिरडीवर चोळा आणि तसंच दवाखान्यात घेऊन जा. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय चिकित्सालय असतं, आणि मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय आहेच.

घरातल्या काही साध्या वस्तू मांजरासाठी विष ठरतात. मांजराच्या यकृतात काही रसायनं निकामी करण्याची सोय फार तोकडी असते. त्यामुळे पॅरासिटामॉलची माणसाची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चालून पिल्लू पाय चाटतं, तेही घातक आहे. त्याची जागा साबणाच्या पाण्याने पुसावी. कापूर आणि सुगंधी तेलं त्याच्याजवळ नकोत. अंगावर पिसवा असतील तर हयगय करू नका, इतक्या लहान जिवाचं रक्त त्या शोषून घेतात आणि हिरड्या पांढऱ्या पडतात. पण कुत्र्याची पिसवांची पावडर लावू नका. तिच्यात बहुधा परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला मारक आहे. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात.

माणसांनीही थोडी काळजी घ्यायची. पिल्लाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. रस्त्यावरून आलेलं पिल्लू चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पिल्लू किती का लहान असेना. गोल, खरबरीत, केस गेलेला चट्टा दिसला तर तो गजकर्ण असू शकतो आणि तो माणसालाही होतो. घरात गर्भवती असेल तर पिल्लाची घाण काढण्याचं काम दुसऱ्याने, रोजच्या रोज करावं.

चौथ्या आठवड्यात दात आले की उष्टावण. इथे आपल्या घरांतली दूध-पोळी आणि दूधभात मध्ये येतात. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांसात, मासळीत असतो, पोळी-भातात नसतो. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय दुबळं होतं, हे १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधनातून स्पष्ट झालं. त्याआधीच, १९७० च्या दशकात, नजर जाण्याशी त्याचा संबंध लक्षात आला होता. कुत्र्याचं खाणंही म्हणूनच मांजराला पुरत नाही. पिल्लांसाठीचं तयार मऊ खाणं त्याच्या दुधात कालवून बोटाने ओठाला लावा आणि हळूहळू बशीवर आणा. शाकाहारी घरातही हे डब्यातलं खाणं देता येतं. उकडून कुस्करलेली कोंबडी चालते, पण मीठ, कांदा, लसूण नको, आणि नुसत्या कोंबडीवर हाडं नीट वाढत नाहीत. याच वयात उथळ ट्रेमध्ये वाळू ठेवली, तर पिल्लू बहुधा आपणहून उकरायला लागतं. ओली होताच गोळा होणारी बाजारातली वाळू मात्र इतक्यात नको. पिल्लं ती तोंडात घालतात आणि ती पोटात अडकते.

जंत जवळपास प्रत्येक पिल्लाला असतात, ते आईच्या दुधातूनच येतात. दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून डॉक्टर वजन बघून जंताचं औषध देतात आणि दर दोन आठवड्यांनी ते पुन्हा द्यावं लागतं. तिहेरी लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं असताना मिळतो. पिल्लाने आईचं दूध प्यालं असेल, तर त्यातली प्रतिकारशक्ती काही काळ लसीचा परिणाम होऊ देत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत डोस पुन्हा दिले जातात. रेबीजची लस १२ आठवड्यांच्या सुमारास. भाटी असेल तर ती चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते आणि साधारण ६५ दिवसांत विते. तेव्हा शेवटच्या लसीला नेलं, की तिथेच डॉक्टरांकडून नसबंदीची तारीख घेऊन या.